आवाज बंद, वर्ग चालू

निवृत्त झाल्यापासून लोक मला कुठेही गाठतात. मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये, हळदीकुंकवाला, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे मी आ वासून बसलेली असताना. प्रश्न एकच असतो, “परब बाई, मुलांसाठी चांगलं ॲप कोणतं हो?”

त्यांचंही बरोबर आहे. महापालिकेच्या मराठी शाळेत शेवटची बरीच वर्षं मी ‘तंत्रस्नेही शिक्षिका’ होते. शब्द भारदस्त आहे. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा, की प्रिंटरमध्ये कागद अडकला की बोलवा परब बाईंना, कुणाच्या फोनवर ओटीपी येत नसेल तर बोलवा परब बाईंना. शाळेत टीव्ही आला तेव्हा आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्याला झालरीचं कव्हर शिवून घेतलं. दसऱ्याला त्याची पूजा झाली, हार घातला, आणि रिमोट कपाटात कुलपात गेला. तो बाहेर काढायला मला जेवढं बोलावं लागलं तेवढं मी पाढे शिकवतानाही बोलले नसेन.

तर चांगलं ॲप कोणतं, या प्रश्नावर मला दरवेळी महाडिक सर आठवतात. सर आणि ॲप यांचं काडीचं जमत नव्हतं. तरीही टीव्ही वर्गात कसा वापरायचा हे मी त्यांच्याकडून शिकले. ते कसं, ते सांगते.

आमची शाळा घाटकोपरला, डोंगराच्या उतारावरच्या वस्तीत. एकाच इमारतीत खाली हिंदी माध्यम, वर आम्ही. बाजूच्या गल्लीत वेल्डिंगचं दुकान. डोक्यावरून विमानतळाकडे उतरणारी विमानं, इतकी खाली की मुलं चाकं बघून टाटा करायची. विमान आलं की बाकीचे शिक्षक वाक्य तोडून थांबायचे. महाडिक सर थांबायचे नाहीत. ते विमानाच्या वर आवाज चढवायचे.

आणि आवाज काय होता! सर मूळचे संगमेश्वरकडचे. वडील गिरणीत, स्वतः दशावतार बघत वाढलेले. तिसरीचा वर्ग त्यांच्याकडे. गोष्टीतला राजा बोलायला लागला की खिडकीची तावदानं थरथरायची, म्हातारी बोलायला लागली की माझ्या दुसरीतली पोरं लिहायचं सोडून भिंतीला कान लावायची. इतिहास, परिसर अभ्यास, अगदी वजाबाकीसुद्धा ते गोष्टीतून शिकवत. मी कधी त्यांना टीव्हीबद्दल सांगायला गेले, पुस्तकातल्या धड्यावर छापलेला क्यूआर कोड फोनने स्कॅन केला की व्हिडिओ कसा उघडतो ते दाखवलं, की म्हणायचे, “बाई, तुमचा डबा एक गोष्ट दहा वेळा तश्शीच सांगतो. माझी रोज वेगळी असते.”

“म्हणून तर म्हणते, रेकॉर्ड करू द्या ना सर एखादी.”

“छे! रेकॉर्ड केली की मेली ती.”

कधीच करू दिली नाही.

एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली आणि भिंतीपलीकडचा राजा खरखरायला लागला. सर म्हणाले, फटाक्यांचा धूर आहे, जाईल. ज्येष्ठमध चघळून झाला, हळदीचं दूध झालं. आवाज कमी होत होत शेवटी नुसती हवा यायला लागली. एका सकाळी महाडिक वहिनींचा मला फोन आला. “बाई, तुम्हीच चला आमच्याबरोबर डॉक्टरकडे. हे मला तर काही सांगत नाहीत. आता तर सांगताही येत नाही.”

डॉक्टरीण बाई तरुण होत्या. दुर्बीण घालून बघितलं आणि म्हणाल्या, स्वरतंतूंवर गाठी आल्यात. साध्याच आहेत, घाबरायचं कारण नाही. पण काही आठवडे संपूर्ण मौन, आणि मग हळूहळू आवाजाचे व्यायाम. “कुजबुजायचं पण नाही हं, सर. त्याने जास्त ताण येतो. ऐकलं नाहीत तर ऑपरेशन, आणि त्यानंतर आवाज कसा राहील ते मी सांगू शकत नाही.”

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग बोटाने हवेत फळ्यावर लिहिल्यासारखं केलं आणि भुवया उंचावल्या. मला कळलं. “डॉक्टर, ते विचारतायत, वर्गाचं काय?”

“रजा घ्या की,” डॉक्टर म्हणाल्या.

बाहेरच्या माणसाला हे सोपं वाटतं. रजा मिळते, पण बदली शिक्षक मिळत नाही. मग त्या वर्गातली मुलं उरलेल्या वर्गांत वाटून टाकतात. माझ्याकडे आधीच पहिली आणि दुसरी एकत्र होती. एक इयत्ता लिहीत असताना दुसरीला शिकवायचं, ही कसरत. तिसरीची मुलं माझ्या वर्गात मागे बसली असती आणि वर्ष संपेपर्यंत चित्रं रंगवत राहिली असती. सरांना ते माहीत होतं. त्यांनी फोनवर टाइप करून मोठ्या बाईंना दाखवलं, “मी येतो. न बोलता शिकवतो.”

मोठ्या बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, “अहो सर, न बोलता शिकवायला तुम्ही काय मूकपट आहात का? बरं, आठवडाभर बघू. नाही जमलं तर मुकाट्याने रजा.” आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन स्वतःच हसल्या.

पहिल्या दिवशी वाट लागली. सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘माझा आवाज आजारी आहे.’ मुलांनी ते एका सुरात मोठ्याने वाचलं आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. “सर, आवाजाला इंजेक्शन देतात का?” “सर, तुम्ही आता कायमचे असेच?” वेदांत मोरे नावाचा एक इरसाल पोरगा होता, तो म्हणाला, “म्हणजे सर आता ओरडणार नाहीत! झकास!” त्यानंतर त्या वर्गात जे काही झालं ते खालच्या हिंदी माध्यमापर्यंत ऐकू गेलं. मधल्या सुट्टीत सर स्टाफरूममध्ये डस्टर घेऊन बसले होते. हात पांढरे झाले होते, टेबलावर आपटून आपटून. त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. लिहिलं होतं, ‘मी शिक्षक नाहीच. मी नुसता घसा होतो.’

मला त्या माणसाबद्दल फार माया वाटली. पण तसं बोलायची आमची पद्धत नाही. मी म्हटलं, “नाटकं पुरे, सर. शाळा सुटल्यावर थांबा.”

त्या संध्याकाळी मी माझं दुकान मांडलं. लहान मुलांच्या वर्गात आवाज न चढवता काम चालवायच्या युक्त्या माझ्याकडे होत्या, कारण माझा घसा मुळातच किरकोळ. हजेरीसाठी जुन्या साडीचा कप्पेवाला पडदा शिवायचा. मुलांनी येताच आपल्या नावाची चिठ्ठी आपापल्या कप्प्यात ठेवायची, रिकामा कप्पा म्हणजे गैरहजर. टाळीचे ताल ठरवायचे. एक ताल म्हणजे शांत, दुसरा म्हणजे गट करा, आणि सरांनी वाजवलेला ताल मुलांनी परत वाजवायचा, की हात गुंतले आणि तोंड बंद झालं. दशक-एककासाठी बाटल्यांची बुचं, घड्याळासाठी कागदी ताटल्या. यात नवीन काही नाही, कुठलीही पहिलीची बाई हे करते. सर मात्र एखाद्या नव्या पोराने लिहून घ्यावं तसं लिहून घेत होते.

मग मी उत्साहाच्या भरात तंत्रज्ञान काढलं. एक ॲप होतं. मराठीत टाइप करायचं, की फोन ते वाचून दाखवतो. फोन स्पीकरला जोडला. दुसऱ्या दिवशी सरांनी टाइप केलं, ‘मुलांनो, वह्या काढा.’ स्पीकरमधून एक बाई विमानतळावर सूचना दिल्यासारखी बोलली, “मुलांनो. वह्या. काढा.” पुढची दहा मिनिटं वर्ग हसत होता. शेवटी सरांनी वायर उपटून माझ्या हातात आणून दिली, अगदी नम्रपणे.

खरी गोष्ट घडली ती त्यानंतर दोन-तीन दिवसांनी. धडा होता प्राण्यांच्या घरांचा. सरांनी नाइलाजाने टीव्हीवर व्हिडिओ लावला. मी सुरू करून द्यायला गेले होते. समुद्रकिनाऱ्यावरचा शंखातला खेकडा होता. तो मोठा झाला की जुना शंख लहान पडतो, मग तो दुसरा रिकामा शंख शोधतो आणि त्याने सोडलेल्या शंखात त्याच्याहून लहान खेकडा शिरतो. चित्रं सुंदर होती, पण निवेदक असा भराभर आणि अवघड बोलत होता, की मुलं चुळबुळायला लागली. सरांनी वैतागून रिमोटवर बोट दाबलं. आवाज बंद झाला.

पडद्यावर मोठा खेकडा एका रिकाम्या शंखाभोवती फिरत होता, आत डोकावत होता, नांगीने मोजमाप घेत होता. मग मागून वेदांत जाड आवाजात म्हणाला, “खोली छोटी आहे ओ. नळ आत आहे की बाहेर?”

दुसऱ्या कोपऱ्यातून उत्तर आलं, “नळ बाहेर. पाणी सकाळी फक्त.”

“मग भाडं कमी करा ना यार!”

“बघायचं तर बघा, मागे लाइन लागलीय.”

ही सगळी वस्ती तेव्हा बिल्डर येणार, घरं पाडणार, तात्पुरत्या खोल्या कुठे मिळणार, याच्या चर्चेत बुडालेली होती. मुलं घरी रोज तेच ऐकत होती. तो खेकडा त्यांना धड्यातल्यापेक्षा जास्त कळला होता. मी सरांकडे बघितलं. ते टेबलाला धरून हलत होते. मला वाटलं, चक्कर आली. जवळ गेले तर डोळ्यांतून पाणी. हसत होते, आवाज न काढता. मग त्यांनी व्हिडिओ मागे नेला आणि वर्गाकडे हात केला. चला, पुन्हा. या वेळी नीट, ठरवून.

आणि त्या वेळी अन्वी बोलली.

अन्वी गुरव पुढच्या बाकावर बसायची. हुशार होती, अक्षर मोत्यासारखं. पण बोलताना अडखळायची, शब्दाचं पहिलं अक्षर दारात अडकल्यासारखं अडकायचं. सरांचा तिच्यावर जीव. ती “स-स-स” करायला लागली की सर पटकन म्हणायचे, “समुद्र ना? शाब्बास, बस.” तिला त्रास होऊ नये म्हणून. वर्गातली मुलंही तेच शिकली होती. तिचं प्रत्येक वाक्य दुसरंच कुणीतरी पूर्ण करायचं, अगदी प्रेमाने. तिसरीपर्यंत त्या मुलीने शाळेत स्वतःचं एकही वाक्य शेवटपर्यंत नेलं नव्हतं.

खेकड्यांच्या रांगेत अगदी शेवटी एक चिमुकला खेकडा होता. त्याचं कोण बोलणार, असं सरांनी हाताने विचारलं. अन्वीने हात वर केला. व्हिडिओ त्या जागी आला. “त-त-त…” अन्वी अडकली. सवयीने सगळ्यांनी सरांकडे बघितलं. सरांनी तोंड उघडलं आणि मग त्यांना आठवलं, की आपल्याला बोलता येत नाही. त्यांनी रिमोट उचलून चित्र थांबवलं. मुलं बोलायला लागणार तोच शांततेची टाळी दिली. तिसेक मुलं गप्प. खाली हिंदी माध्यमात पाढे चालू होते, ते ऐकू येत होते. अन्वीची मान ताणली होती, डोळे मिटले होते. मलाच तो शब्द तिच्या तोंडात घालावासा वाटत होता.

“त-तुमचं झालं का?” ती म्हणाली. “म-मला पण घरी जायचंय.”

सरांनी चित्र पुन्हा चालू केलं. चिमुकला खेकडा टुणकन शंखात शिरला. वर्गाने टाळ्या वाजवल्या, आणि अन्वी इतकी लाल झाली होती की तिला हसावं की रडावं कळेना.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर सर बराच वेळ जिन्यात उभे होते. माझ्याजवळ येऊन फोनवर लिहिलं, ‘इतके दिवस तिचं मीच बोलत होतो.’

मग तिसरीत धुमाकूळ सुरू झाला. सर टीव्ही मागायला यायला लागले. रोज! आधी व्हिडिओ आवाजाशिवाय बघायचा, मुलांनी आपल्या भाषेत बोलायचं, मग आवाज लावून खरं काय ते ऐकायचं, आणि आपलं कुठे बरोबर, कुठे चुकलं ते पाटीवर लिहायचं. मुलं निवेदकाच्या चुका काढायला लागली. पुढे सरांनी घरच्या गोष्टी मागवल्या. आईला, आजीला विचारून एक गोष्ट सांगायची आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाजात पाठवायची. अर्ध्या घरांत एकच फोन, तोही बाप कामावरून आल्यावर हातात येणार. म्हणून शेजारशेजारच्या मुलांच्या जोड्या लावल्या, एका फोनवरून दोघांनी पाठवायचं. सर कानाला इअरफोन लावून सगळं ऐकायचे, मागून येणाऱ्या कुकरच्या शिट्ट्यांसकट. वहिनी मला म्हणाल्या, “घरी माणूस मुका बसलाय, पण घरात पोरांचा नुसता कलकलाट. कुणाची आजी मालवणीत शिव्या घालत गोष्ट सांगते, ते ऐकून हे एकटेच हसतात. मला पण एक इअरफोन द्या म्हटलं.”

मरोळला शिक्षकांची एक मोठी बैठक होती, आपापल्या शाळेतले नवोपक्रम सांगायची. मी हे सांगितलं. शिक्षण विभागाच्या साहेबांनी पेन सरसावून विचारलं, “छान. ॲप कोणतं वापरलंत?”

“ॲप नाही, साहेब. रिमोटवरचं म्यूटचं बटण.”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. त्यांच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता. पण जेवणाच्या सुट्टीत चार-पाच शिक्षक बाजूला येऊन नीट विचारून गेले, त्यातल्या एका बाई म्हणाल्या, “आमचा स्पीकर दोन वर्षं बिघडलेलाच आहे. आता दुरुस्तीचा अर्ज करत नाही.”

गाठी विरल्या. ऑपरेशन टळलं. पण सरांचा तो राजाचा आवाज काही परत आला नाही. व्यायामांनी जो आवाज मिळाला तो मऊ, जरा घोगरा, एका बाकापलीकडे जेमतेम पोचणारा. तावदानं पुन्हा कधी थरथरली नाहीत. माझ्या फोनमध्ये आजही त्या शाळेतल्या हजार गोष्टी आहेत. मुलांचे आवाज, आज्यांचे आवाज, एक कुत्र्याचा आवाज. सरांच्या जुन्या आवाजातला एक शब्द नाही. कधी जुन्या सहकाऱ्यांना मी ती म्हातारी कशी बोलायची त्याची नक्कल करून दाखवते, आणि ते सगळे उगाच “हो, अगदी तशीच” म्हणतात.

सर माझ्याआधी निवृत्त झाले. अन्वी आता आठवीत आहे. अजून अडखळते आणि भरपूर बोलते, आईची तक्रार आहे.

डॉक्टरांनी वर्गात थोडं बोलायला परवानगी दिली तो दिवस मला नीट आठवतो. बातमी मुलांना आधीच लागली होती. मोठ्या बाई दारात उभ्या, मी माझा वर्ग तसाच टाकून खिडकीपाशी. सर उभे राहिले, घसा साफ केला आणि नव्या आवाजात म्हणाले, “बसा.” मुलं एकमेकांकडे बघायला लागली. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी होता. वेदांत हळूच म्हणाला, “सर, हा पण चालेल.”

सर हसले. म्हणाले, “काल खेकड्यांच्या धड्याची उजळणी होती. कोण सांगतं?”

अन्वी उठली. “ख-ख-ख…”

सगळ्या वर्गाने सरांकडे बघितलं. आता त्यांना बोलता येत होतं. तो शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आलेला मला खिडकीतून दिसला, इतक्या वर्षांची सवय ती. त्यांनी हात वर नेला आणि तोंडावर ठेवला, घट्ट, आणि तसेच उभे राहिले.

अन्वीला बराच वेळ लागला. खेकडा आला, शंख आला, भरती आली, लहान खेकड्याला मोठ्याचं घर का मिळतं तेही आलं. तिने वाक्य संपवलं, त्यानंतरचं संपवलं, सगळं संपवून खाली बसली. सरांचा हात अजून तोंडावरच होता. तिने त्यांच्याकडे बघितलं, थोडी थांबली, आणि मोठ्या बाईंसारख्या चेहऱ्याने म्हणाली,

“झ-झालं माझं, सर. आता तुम्ही बोला.”